पत्त्यांआडची तोंडं

माझा मोठा भाऊ तोंड बघून ऐकतो. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात, प्रेस शॉपमध्ये त्याची सगळी नोकरी झाली. पत्रा दाबणाऱ्या मशिनींनी आधी त्याच्या कानातले बारीक आवाज नेले, मग मोठे. मी कानाचं मशीन घेऊन दिलं होतं. त्यात माणसापेक्षा भांड्यांचा आवाज मोठा येतो म्हणून त्याने ते डबीत ठेवून दिलं. "बाय, ह्याच्यापेक्षा तू समोर उभी राहून बोल," म्हणाला. तेव्हापासून मी उजेडाकडे तोंड करून, ओठ नीट हलवून, एकेक शब्द सुटा बोलते. सवयीने ऑफिसातही तशीच बोलते, त्यामुळे नवीन आलेल्यांना वाटतं मॅडम चिडल्यात.

आम्ही दोघं खांदेश्वरला राहतो. माझं लग्न झालं आणि मोडलं, त्याने केलंच नाही. कोण कुणाला सांभाळतं हा प्रश्न आमच्यात कधी निघाला नाही. भाजी तो आणतो, पोळ्या मी करते, आणि बँकेची कामं मी करते कारण खिडकीपलीकडचा माणूस कधीच मान वर करून बोलत नाही.

पत्ते त्याला कंपनीच्या बसने दिले. आमच्या वडिलांना घरात पत्ते चालत नसत. विहारात जाणारा माणूस, त्यांच्या लेखी पत्ते आणि दारू एकाच पिशवीतून येत. त्यामुळे दादाचा खेळ घराबाहेर, बसच्या मागच्या सीटवर, चौघांच्या गुडघ्यांवर ठेवलेल्या बॅगेवर चालायचा. तो चांगला खेळायचा म्हणे. मी कधी पाहिलं नाही. मग ऐकू येईनासं झालं. मेंढीकोटात कुणी हुकूम बोललं की तो त्याला कळेना. दोनदा-तीनदा चुकीचं पान उतरल्यावर भिडू बदलला गेला, आणि नंतर त्याने स्वतःच खिडकीची जागा धरली.

पण तो खऱ्या अर्थाने बहिरा झाला मास्कच्या दिवसांत. दूधवाला, मेडिकलवाला, वॉचमन, सगळ्यांची तोंडं कापडाआड. दादाला कुणाचंच काही कळेना. लोक मास्कमधून मोठ्याने ओरडत, आणि तो नुसता हसून मान हलवी. एकदा मेडिकलमधून रक्तदाबाच्या गोळ्यांऐवजी खोकल्याचं औषध घेऊन आला. त्यानंतर बाहेर जाणंच बंद केलं. मी माझा जुना टॅब त्याला दिला, बातम्या बघ म्हटलं. बातम्या बघता बघता त्याला पोकर सापडला.

मला ते आवडलं नाही. माझं पोट ज्या धंद्यावर चालतं तिथे हे खेळवाले मी रोज बघत होते. वाशीच्या एका पेमेंट कंपनीत मी काम करते. तुम्ही मोबाइलवरून पैसे देता आणि ते दुकानदाराच्या खात्यात पोचतात, त्याच्या मधली नळी आमच्यासारख्यांची असते. नळीतून काय वाहतंय हे बघायचं काम माझ्या टीमचं. तेव्हा मी आधी त्याचं खातं तपासलं. पेन्शनमधून महिन्याला थोडी रक्कम बाजूला काढायचा, ती संपली की पुढच्या महिन्यापर्यंत नुसता दुसऱ्यांचा खेळ बघत बसायचा. तीन महिने बघितलं. एकदाही जास्त टाकले नाहीत. मग मी त्या विषयाचा नाद सोडला.

पोकर मला त्यानेच शिकवला, जेवताना, चपातीचे तुकडे मांडून. दोन पानं आपल्या हातात, ती कुणाला दिसत नाहीत. बाकीची मधे उघडी, सगळ्यांची. आपल्याकडे आहे त्यापेक्षा जास्त आहे असं समोरच्याला वाटायला लावायचं, किंवा कमी आहे असं. "ह्यात बोलावं लागत नाही," म्हणाला. ऐकावंही लागत नाही हे मी मनात म्हटलं.

दुपारच्या टेबलावर तीन-चार जण कायमचे असत. नावं कुणाचीच खरी नव्हती. एकाने म्हशीचा फोटो लावला होता, ती म्हैस. एकाचा टोमॅटो. एक जण फार वेळ घेऊन, उलटसुलट विचार करून खेळायचा, त्याला दादाने वकील ठरवून टाकलं होतं. म्हैस बाई आहे आणि नागपूरकडची आहे असाही त्याचा अंदाज होता, कारण एकदा हरल्यावर तिने इंग्रजी अक्षरांत "काय बे" असं लिहिलं होतं. आपल्याला ऐकू येत नाही हे दादाने तिथे कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंच नाही, विचारायचं कारणच पडलं नाही.

रात्री जेवायला बसलो की तो मोठ्या आवाजात सुरू व्हायचा.

"म्हशीने आज वकिलाला काय कापलाय. हातात काय नाय, सत्ती आणि चौरी. आणि बसली ना शांत. दोन वेळा वाढवलंन. तो बिचारा जोडी घेऊन बसलेला, टाकून दिलीन जोडी."

"मग तुला कसं कळलं तिच्याकडे सत्ती-चौरी होती?"

"दाखवलीन ना नंतर. मुद्दाम. मस्ती हाय तिला."

"आणि तू काय केलंस?"

"मी आधीच टाकलेली. म्हशीच्या वाटेला मी जात नाय."

खरं सांगायचं तर मला त्यातलं अर्धं कळत नसे. पण तो बोलत होता. कान गेले की माणसाची जीभही हळूहळू जाते, हे मला कानाच्या डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. स्वतःचा आवाज कळत नाही, मग शब्द घासले जातात, स आणि श एक होतात, शेवटी माणूस गरजेपुरतंच बोलतो. उपाय विचारला तर म्हणाले, "बोलतं ठेवा. दुसरं काही नाही." आता बहिऱ्या माणसाला बोलतं कशावर ठेवायचं? बाहेर जात नाही, फोनवर बोलू शकत नाही, त्याच्याकडे सांगण्यासारखं काही घडत नाही. ते काम म्हशीने आणि वकिलाने करून टाकलं होतं.

मग कायदा आला.

पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद. अकलेचा खेळ की नशिबाचा, हा जुना वाद कायद्याने बाजूलाच ठेवला. शिवाय खेळवणाऱ्याबरोबर त्याचे पैसे पोचवणाराही जबाबदार. म्हणजे आम्ही. त्या दिवशी आमच्या मजल्यावर कुणी डबा उघडला नाही. एकेक खेळवाला शोधायचा, पैसे आत यायची वाट बंद करायची, लोकांचे शिल्लक पैसे परत जायची वाट मात्र उघडी ठेवायची. माझ्या टीममध्ये एक हुशार मुलगी आहे, तिशीची, ऐरोलीहून येते. ती फोनवर हात ठेवून मला म्हणाली, "मॅडम, पोकरवाले भांडतायत. म्हणतात आमचा जुगार नाही, आमचा बुद्धीचा खेळ आहे."

"त्यांना सांग, कायद्याने बुद्धी विचारलेली नाही. पैसे विचारलेत."

तिने सांगितलं. पलीकडचा माणूस काय म्हणाला ते तिने मला सांगितलं नाही.

कायदा चुकीचा आहे असं मला तेव्हा वाटलं नाही, आताही वाटत नाही. त्या नळीतून काय काय वाहत जाताना मी पाहिलंय. पगाराच्या दिवशी आलेला पगार त्याच दुपारी जाताना पाहिलाय. माझा भाऊ त्या लोकांसारखा नव्हता, पण कायदे एकेका भावाकडे बघून होत नसतात.

घरी दादाने पेपरात वाचलंच होतं. "आमचं चालू राहील," म्हणाला. "आमचा अकलेचा हाय."

मी समोर बसले. "नाही राहणार, दादा. तुमचंही बंद."

"तुला काय म्हायत?"

"मीच बंद करतेय."

तो हसला. त्याला ती थट्टा वाटली. दुसऱ्या दिवशी दुपारी टेबल गेलं. गेलं म्हणजे कुणाला निरोप घ्यायला वेळ मिळाला नाही. एक सूचना आली की आता खेळता येणार नाही, शिल्लक पैसे काढून घ्या. संध्याकाळी मी आले तर टॅब गादीवर उपडा पडला होता.

"म्हशीचा नंबर वगैरे घेतला होतास का?" मी विचारलं.

"कशाला घेऊ? रोज भेटत होतो ना."

त्या साइटने नंतर फुकट खेळाची सोय केली, नुसते खोटे चिप्स. दादाने दोन दिवस खेळून सोडून दिलं. "कुणी विचारच करत नाय, बाय. हातात काय असो नसो, सगळं लावून मोकळे. जायला काय नाय तर भ्यायचं कशाला? आणि कुणी भ्यायलाच नाय तर फसवू कुणाला?" त्यात त्याची माणसंही नव्हती. ती कुठे गेली कुणास ठाऊक.

मी कामाला लागले. आमच्या सोसायटीत पार्किंगमध्ये, मीटरच्या खोलीजवळ, निवृत्त लोकांचा पत्त्यांचा अड्डा बसतो. मी दादाला तिथे घेऊन गेले, ओळख करून दिली, ऐकू येत नाही पण तोंड बघून सगळं कळतं असं सांगितलं. "अरे, या की भाऊ, टेन्शन कशाला," म्हणून त्यांनी जागा केली. माणसं चांगली होती. मी वर आले आणि निवांत कुकर लावला.

अर्ध्या तासात दादा वर. "त्यांची तोंडंच दिसत नायत."

मला आधी कळलं नाही. दुसऱ्या दिवशी जिन्यातून बघत उभी राहिले, तेव्हा दिसलं. पत्त्यांचा पंखा हातात धरला की माणूस तो नकळत तोंडासमोर आणतो. नाकापासून हनुवटीपर्यंत पानं, वरून नुसते डोळे. बोलणं सगळं पानांच्या आडून. हुकूम, भिडूला टोमणा, कुणाच्या सुनेवरून विनोद, सगळं पानांच्या मागे. आणि मधे दादा, एकाच्या कपाळाकडून दुसऱ्याच्या कपाळाकडे बघत बसलेला. बसमध्ये त्याचं काय झालं असेल ते मला इतक्या वर्षांनी, जिन्यात उभं राहून कळलं.

"ओ भाऊ, उतरा की पान. झोपलात काय?" एक जण ओरडला. पानांच्या आडूनच.

मी खाली गेले. सरळ सांगितलं, "काका, बोलताना पानं जरा खाली धरा. त्यांना तुमचं तोंड दिसायला हवं."

त्यांनी लगेच खाली धरली. सगळ्यांनी. दोन डाव अगदी नीट गेले, दादा एक हातही जिंकला. तिसऱ्या डावाला चांगली पानं आली असावीत, कारण सगळे पंखे पुन्हा वर. मी परत सांगायला गेले तर त्यातले सगळ्यात वयस्कर काका ओशाळून म्हणाले, "मॅडम, आम्ही मुद्दाम नाही हो करत. पण तोंड दाखवलं ना, की हातात काय आहे ते दिसतं." पुढच्या आठवड्यापासून दादा गेला नाही.

त्यानंतरचे महिने घरात शांततेचे गेले. काय आणू, किती आणू, झोपतो. एवढंच. मी ऑफिसातल्या गोष्टी सांगायची, तो माझ्या तोंडाकडे बघत ऐकून घ्यायचा. पण त्याच्याकडून परत यायला काही नव्हतं. हळूहळू त्याचा स घासला गेला. एकदा 'साखर' म्हणाला ते मला दुसऱ्यांदा विचारावं लागलं. त्याच्या लक्षात आलं. मग डबा दाखवून काम भागवायला लागला.

आणि एका संध्याकाळी मी चप्पल काढते न काढते तोच तो दारात, "बाय, म्हैस आली."

मी म्हटलं, "कुठे?"

परदेशातून चालणारी कुठलीशी साइट होती. कुणीतरी जुन्या लोकांना लिंक पाठवली होती, त्यातली एक दादाकडे आली. टोमॅटो नव्हता. पण वकील होता, आणि म्हैस होती, तोच फोटो. दादाला बघून तिने लिहिलं होतं, जिवंत आहेस का बे. हे तो मला तीनदा सांगून हसला. त्या रात्री भाजी गार झाली तरी त्याचं संपलं नाही. स घासलेलाच होता. पण शब्दामागून शब्द येत होते, जुन्या वेगाने.

मी पुढचे काही दिवस काही विचारलं नाही. माझ्यासारख्या बाईने विचारायला हवं होतं ते पहिल्याच रात्री. ते मी ओठांवर येऊ दिलं नाही आणि जेवण वाढत राहिले. शेवटी विचारलंच. "पैसे कुठे भरतोस?"

त्याने सहज मोबाइल पुढे केला. साइटवर एक क्यूआर येतो, त्यावर पैसे भरायचे. नाव होतं एका झेरॉक्स-स्टेशनरीच्या दुकानाचं.

कायदा आल्यापासून आमचं निम्मं काम ह्याच दुकानांचं झालं होतं. कागदावर स्टेशनरी, डेअरी, फुलवाला. गिऱ्हाइकं मात्र देशभरची, आणि वह्या-पेनं विकत घेतल्यासारखे सगळे गोल आकडे. बंद दरवाज्याला पडलेली ही भोकं. मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात नाव टाकून बघितलं. आमच्याच नळीवर होतं. पत्ता तळवली गावातला.

दुसऱ्या कुणाला तरी पाठवता आलं असतं. मी स्वतः गेले. घणसोलीहून रिक्षा केली. गावातल्या गल्लीत एका घराच्या तळाला शटर, त्यावर ना पाटी ना काही. ओट्यावर एक आजी जवळा निवडत होत्या.

"कोन पायजे?"

"इथे झेरॉक्सचं दुकान आहे ना?"

"हितं? हितं कवा दुकान नव्हतं, बाय. गाला बंद हाय. माझ्या नातवानं कोनाला तरी भाऱ्यानं देलाय, तो मानूस कवा आला नाय. नुसता कागद करून गेला." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "तू बी कागदंवालीच ना?"

हो म्हटलं. त्यांनी पाणी दिलं. मी प्यायले आणि निघाले.

खातं बंद करायचं ठरलं की आमच्यात एक नियम असतो: बंद होईपर्यंत बाहेर कुणाला कळू द्यायचं नाही. कळलं की पैसे पळतात आणि माणसंही. हा नियम माझ्या टीमला मीच घोकून घेतलाय. ऐरोलीच्या मुलीने अहवाल वाचला, पत्ता बघितला. तिला घरचं काही माहीत नव्हतं. "उद्या सकाळी बंद करायला टाकू, मॅडम?"

"उद्या सकाळी पहिलं हेच."

त्या संध्याकाळी मी भरली वांगी केली. दादा बोलत होता. वकिलाने त्याच्यावर चाल केली होती, दादाकडे राजा-राणी होती, त्याने मुद्दाम वेळ काढला, घाबरल्यासारखं केलं. "मला घाबरल्यासारखं करायला किती येळ लागला म्हायते? तिथे तोंड तर दिसत नाय. नुसता येळ काढूनच घाबरायचं असतं." म्हशीने मधेच वकिलाला लिहिलं होतं, साहेब, हा नाटक करतोय. वकिलाने ऐकलं नाही.

"मग?" मी म्हटलं.

"मग काय. मी घेतला सगळा डाव." त्याने हात पुसले. "उद्या चिडून येईल बघ तो. उद्या मजा हाय."

मी त्याच्यासमोर, ट्यूबच्या उजेडात बसले होते. त्याला माझं तोंड पूर्ण दिसत होतं. मी वांगं वाढलं आणि भात घेणार का विचारलं.

सकाळी खातं बंद झालं. आणखी काही दिवसांत ती साइटसुद्धा इथून उघडेनाशी झाली. त्याची थोडी रक्कम अडकली, त्याबद्दल तो कधी बोलला नाही. खातं बंद झालं त्याच संध्याकाळी मी घरी आले तेव्हा तो टेबलाशी बसला होता. मोबाइलवर पैसे भरायची खटपट करून झाली होती. दुकानाचं नाव त्याने मला दाखवलं होतं, आणि माझं काम काय ते त्याला माहीत होतं.

"तू केलंस?"

"हो."

"काल म्हायत होतं?"

"हो."

बाकीचं मी नीट सांगायला घेतलं. ते दुकान खोटं आहे, तिथे एक रिकामा गाळा आहे, ह्या लोकांनी उद्या तुझं खातं रिकामं केलं असतं तर आपल्याला कुणाकडे जाता आलं नसतं, आणि मी नसतं केलं तर पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कुणी केलं असतं. सगळं खरं होतं. मी सावकाश, ओठ नीट हलवून बोलत होते. पहिल्या वाक्यालाच त्याने मान वळवली आणि खिडकीबाहेर बघत राहिला. मी टेबलाला वळसा घालून त्याच्या समोर गेले. त्याने डोळे मिटून घेतले.

त्याला आता बरेच महिने झाले. भांडण काही नाही. भाजी तो आणतो, पोळ्या मी करते. जेवताना तो ताटात बघतो. काही सांगायचं असलं की मी त्याच्या हाताला हात लावते, मग तो वर बघतो, कामापुरतं बघतो आणि मान हलवतो. डॉक्टरांकडे नेलं होतं. त्यांनी त्याला बोलायला लावलं, त्याने नाव सांगितलं. त्यांना ते नीट कळलं नाही, मी सांगितलं.

परवा खालच्या मजल्यावरच्या बाई लिफ्टमध्ये भेटल्या. म्हणाल्या, "भाऊ गावाला गेलेत का? रात्रीचा त्यांच्या बोलण्याचा आवाज नाही येत हल्ली."

मी म्हटलं, "नाही. घरीच आहे."